उत्तर बरोबर, माप खोटं: निपाणी भागातल्या एका आठवीच्या वर्गाचा प्रकरण अभ्यास

कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यात वेदगंगेच्या काठच्या एका गावात सरकारी मराठी शाळा आहे. आठवीच्या वर्गात मुसलमान घरांतली मुलं बरीच. घरी दख्खनी, शाळेत मराठी, शिवाय कन्नड आणि इंग्रजी, आणि सकाळी शाळेआधी मशिदीला लागून असलेल्या मकतबात अरबी नि थोडी उर्दू. तेरा-चौदा वर्षांचं पोर चार लिप्या वाचतं, याचं गावात कुणाला विशेष वाटत नाही. बाप तंबाखूच्या वखारीत किंवा गवंड्याच्या हाताखाली, आई दारात बसून विड्या वळते. वर्गातली बाकीची मुलं शेतकऱ्यांची. शाळेचं आणि माणसांची नावं इथे देत नाही.

विज्ञान शिकवणाऱ्या बाई तेव्हा एम.एड.चा प्रबंध करत होत्या. शाळेत विज्ञान आणि मकतबात इस्लामी शिक्षण असं दुहेरी शिकणाऱ्या मुलांची कौशल्यं, अभिवृत्ती (विषयाबद्दलची आवड आणि कल) आणि संपादणूक (किती शिकले ते) मोजायची, असा विषय. साधनं तपासून द्या म्हणून त्यांनी मला बोलावलं. संपादणुकीची चाचणी ठीक होती. कौशल्याची चाचणी लेखी होती. तिच्याकडे पुढे येतो. खरी पंचाईत अभिवृत्तीच्या प्रश्नावलीत होती.

ती प्रश्नावली इंडोनेशियातल्या एका साधनाच्या धर्तीवर बनवली होती. तिथल्या २०१३ च्या अभ्यासक्रमात प्रत्येक विषयाला चार गाभाक्षमता जोडल्या होत्या: आध्यात्मिक वृत्ती, सामाजिक वृत्ती, ज्ञान आणि कौशल्य. म्हणजे विज्ञानाच्या शिक्षकानेही मुलाची ईश्वरनिष्ठा पाहून तिची नोंद करायची. शिक्षकांना ते झेपेना, आणि २०१६ च्या सुधारणेत वृत्तीचं थेट मूल्यमापन धर्मशिक्षण आणि नागरिकशास्त्र या विषयांपुरतं उरलं. बाईंच्या हाती आलेल्या साधनावर पहिल्या काळाची छाप होती. ‘विज्ञान शिकल्याने माझा ईमान पक्का होतो आणि मला निसर्ग आवडू लागतो’ असलं विधान, त्यापुढे पाच रकाने, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत. रेन्सिस लिकर्टने १९३२ मध्ये मांडलेली ही पद्धत आता इतकी सोपी वाटते की विधान लिहिणं हेच अवघड काम आहे हे लोक विसरतात. वरच्या विधानात दोन गोष्टी आहेत. ज्याला निसर्ग आवडतो पण ईमानाचं ठाऊक नाही, त्याने खूण कुठे करावी?

मुलांनी मात्र अडखळल्याशिवाय खुणा केल्या. जवळजवळ सगळ्यांनी, जवळजवळ सगळ्या विधानांना, पहिल्या रकान्यात. वर्गशिक्षिकेने वाटलेल्या कागदावर ‘मला विज्ञान आवडत नाही’ असं आठवीतलं कोण लिहील? आणि ‘ईमान पक्का होतो’ याला असहमत कोण होईल? उलट विधानांवर गाडी घसरली. ‘विज्ञानाचा तास रद्द झाला तर मला वाईट वाटत नाही’ या वाक्याशी असहमत होणं म्हणजे दोन नकार डोक्यात उलटसुलट करणं. मोठी माणसंही तिथे चुकतात. मुलांनी तिथेही ‘पूर्ण सहमत’ वरच खूण केली, म्हणजे कागदावर ती एकाच वेळी विज्ञानाची भक्त आणि वैरी झाली. मधल्या रकान्यातल्या थोड्या खुणांचं बाईंनी दोघा-तिघांना विचारलं. एकाला ‘अधेमधे आवडतं’ म्हणायचं होतं, दुसऱ्याला वाक्यच कळलं नव्हतं. दोघांनाही तीन गुण.

बाईंच्या मार्गदर्शकांनी उपाय सांगितला: उलट विधानं काढून टाका, क्रॉनबाख अल्फा वाढेल. अल्फा खरंच वाढला. पण १९५१ मध्ये आलेला हा आकडा विधानं एकमेकांशी किती जुळून वागतात एवढंच सांगतो. मुलं खरं बोलली का, हे तो सांगत नाही. डोळे झाकून एकाच रकान्यात खुणा करणारा वर्ग विधानांचा जुळणारेपणा छान दाखवतो. उलट विधानं काढणं म्हणजे चोर पकडणारा पहारेकरीच रजेवर पाठवणं. हे मी बाईंना सांगितलं; त्या म्हणाल्या, ‘सर, अल्फा नसला तर प्रबंध पुढे सरकत नाही.’ तेही खरं होतं.

पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी यांमधली वाढ काढायला त्या हेकचं सूत्र वापरणार होत्या. रिचर्ड हेकने १९९८ मध्ये सहा हजारांवर विद्यार्थ्यांच्या भौतिकशास्त्राच्या निकालांवर ते वापरून दाखवलं: झालेली वाढ भागिले होऊ शकणारी वाढ. शंभरपैकी ४० वरून ७० वर गेलं तर ६० पैकी ३०, म्हणजे ०.५, मध्यम. ज्ञानाच्या चाचणीला हे चालतं. पण अभिवृत्तीत वर्ग सुरुवातीलाच ९५ वर असेल तर उरलेल्या ५ मध्ये एका खुणेचा फेरफार झाला तरी सूत्र गडगडतं. छताला डोकं टेकलेल्या मुलांची वाढ मोजता येत नाही.

हा काही निपाणीपुरता रोग नाही. २००६ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय पाहणीत विज्ञान हा मुख्य विषय होता आणि आवडीचेही प्रश्न होते. एकाच देशात पाहिलं तर आवड जास्त असलेल्या मुलांचे गुण साधारण जास्त. पण देशादेशांची तुलना केली की चित्र उलटं, आवडीत पुढे असलेले पुष्कळ देश गुणांत मागे. मुलांना विज्ञानाबद्दल काय वाटतं हे विचारणाऱ्या, नॉर्वेहून चाललेल्या रोझ या पाहणीतही गरीब देशांतली मुलं विज्ञानाबद्दल भरभरून बोलली आणि श्रीमंत देशांतली हात राखून. ‘पूर्ण सहमत’ची किंमत सगळीकडे सारखी नसते. जिथे गुरूला नाही म्हणायची रीत नाही तिथे तो रकाना स्वस्त असतो.

प्रश्नावलीवर आणखी दोन हरकती आल्या, आणि त्या माझ्यापेक्षा वजनदार होत्या. पहिली एचएमची, म्हणजे मुख्याध्यापकांची. सरकारी पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे संविधानाचं कलम २८ सांगतं. शिक्षण देता येत नाही तर श्रद्धेची नोंद ठेवायची कशाला? उद्या कुणी माहितीच्या अधिकारात हे कागद मागितले तर? सीमाभागात शाळेची पाटी कुठल्या भाषेत यावरून वाद पेटतात. एचएमनी डोकं शाबूत ठेवलं आणि ईमानाची सगळी विधानं बाद केली.

दुसरी हरकत मकतबच्या मौलानांची. त्यांचा मुलगा याच वर्गात, आणि पालक म्हणून ते शाळेच्या एसडीएमसीवर, म्हणजे शाळा विकास समितीवर होते. बाईंनी त्यांना मुलांच्या धार्मिक वृत्तीवर एक ते पाच गुण द्यायला सांगितलं होतं. त्यांनी कोरा कागद परत केला. ‘बाई, नियतला मार्क देणारा मी कोण? पोरगं वजू नीट करतं का, सबक पाठ आहे का, मोठ्यांपुढे आवाज चढवतं का, हे विचारा, सांगतो. दिलात काय हाय ते माझ्या वहीत येत नाही.’ सहीह बुखारी या हदीससंग्रहातली, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहातली, पहिलीच हदीस कर्मं नियतवर अवलंबून असतात असं सांगते, आणि नियत जाणणारा माणूस नव्हे. ज्याच्यासाठी ईमान हाच सगळा विषय, तो माणूस ईमान मोजायला नकार देत होता, आणि मोजण्याचा आग्रह विज्ञानाच्या बाजूने येत होता. या प्रकरणातलं हे मला सगळ्यात मोलाचं वाटलं.

मौलाना मोजत नव्हते असं मात्र नाही. मकतबात रोज मोजमाप चालतं. प्रत्येक पोर एकेकटं समोर बसतं, नवा सबक ऐकवतं, मागचा आमोख्ता ऐकवतं. मखरज चुकला, म्हणजे अक्षर घशाच्या जागी ओठांतून निघालं, की तिथेच थांबवून पुन्हा म्हणून घेतात. बरोबर येईपर्यंत पान उलटत नाही. सगळ्या वर्गाला एकच धडा असा प्रकारच नाही. एक नूरानी कायदा या अक्षरओळखीच्या पुस्तकावर, दुसरा कुराणाच्या पंधराव्या पाऱ्यावर, म्हणजे भागावर. प्रभुत्व येईपर्यंत पुढे सरकू नये ही कल्पना बेंजामिन ब्लूमने १९६८ मध्ये शाळांसाठी मांडली, ती इथे चटईवर जुनीच आहे. तिच्यातही खोट आहेच: परीक्षक एकच, अर्थ कळला का हे विचारलं जात नाही, आणि काही ठिकाणी छडीही असते. पण कौशल्य करवून घेऊन पाहायचं, हे तिथे गृहीत आहे. आमच्या विज्ञानाच्या ‘कौशल्य’ चाचणीत मुलाने उष्णतामापी हातात न धरता उष्णतामापी कसा धरावा हे लिहायचं होतं. तेही मराठीत. वर्गातल्या एकाने ते सगळे प्रश्न कोरे सोडले होते; बाईंनी जवळ बसवून दख्खनीत विचारलं तर त्याने हातवारे करून निम्म्याहून जास्त नीट सांगितलं. मग त्या कोऱ्या कागदाने काय मोजलं होतं?

काठी आणि सावली

कुणाच्या श्रद्धेला हात न लावता दोन्ही शिक्षणांना ओळखीचं वाटेल असं एक काम हवं होतं. सावलीचं काम सुचलं. शाळेच्या पटांगणात एक मीटरची काठी उभी करायची, ठराविक वेळाने सावलीचं टोक खुणायचं, आणि सावली सगळ्यात लहान केव्हा होते ते काढायचं. पाचही नमाजांच्या वेळा सूर्यावर ठरतात. जुहरची सुरुवात सूर्य माथ्यावरून ढळल्यावर, असरची काठीच्या सावलीच्या लांबीवर. मकतबातल्या मुलांना जवाल, म्हणजे हे सूर्याचं ढळणं, ठाऊक असतो. बाकीच्यांना ‘सूर्य बारा वाजता डोक्यावर’ हे ठाऊक असतं.

बारा वाजता तो डोक्यावर नसतो. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची, निपाणी ७४.४ च्या आसपास. आठ अंशांचा फरक म्हणजे साधारण ३२ मिनिटं. त्यात वर्षभर कमीजास्त होणारी काही मिनिटं. आम्ही हे फेब्रुवारीच्या मध्यावर केलं, तेव्हा ती आणखी चौदा मिनिटांची भर घालतात. म्हणजे खरा मध्यान्ह पावणेएकच्या जरा पुढे, आणि त्या वेळी मीटरच्या काठीची सावली सुमारे ५६ सेंटिमीटर.

गुणांकनाची पट्टी आम्ही आधी ठरवली. काठी ओळंबा लावून उभी केली का, सावलीच्या फिकट कडेचा एकच बिंदू दर वेळी धरला का, मोजमाप पुन्हा करून पाहिलं का, एकक लिहिलं का, आणि न जुळणाऱ्या नोंदीचं काय केलं. दोन निरीक्षक: बाई, आणि एसडीएमसीचे पालक म्हणून मौलाना. एकमेकांचं न पाहता गुण द्यायचे. एचएमनी परवानगी दिली, अट एकच, अक्षर दासोहचं, म्हणजे शाळेतलं दुपारचं, जेवण चुकता कामा नये. सावली सगळ्यात लहान व्हायची आणि भाताची पंगत पडायची वेळ नेमकी एकच, त्यामुळे गट पाळीपाळीने जेवले.

वह्या आल्या. काही गटांनी लहानात लहान सावली बाराला लिहिली. काहींनी १२:४७. थोड्यांच्या वह्यांत खाडाखोड, आणि एका मुलीने चक्क लिहिलं की साडेबारापासून एकपर्यंत सावली हललीच नाही. ती बाईंना म्हणाली, ‘हलेचना की ओ टीचर, मी काय करू?’

उत्तरसूचीप्रमाणे १२:४७ वाल्यांना पूर्ण गुण. बारावाल्यांना शून्य. आणि त्या मुलीलाही शून्य.

आता हिशोब पाहा. मध्यान्हाच्या आधी किंवा नंतर दहा मिनिटांत ५६ सेंटिमीटरच्या सावलीत फरक पडतो तो दोनेक मिलिमीटरचा. सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. मीटरभर उंचीवरून पडलेल्या सावलीची कडा सेंटिमीटरभर पुसट असते. त्या पुसट पट्ट्यात दोन मिलिमीटर दिसणार कसे? पटांगणात त्या काठीने १२:४७ ही वेळ काढणं कुणालाच शक्य नव्हतं. ती वेळ मशिदीतल्या नमाजाच्या वेळांच्या तक्त्यावरून आली होती. तक्ता बरोबर आहे. मोजमाप झालंच नव्हतं. बारावाल्यांनी तेच केलं, फक्त त्यांचा तक्ता चुकीचा निघाला. प्रामाणिकपणे मोजणारी एकटी ती मुलगी, कारण त्या साधनाने मिळू शकणारं खरं उत्तर ‘साडेबारा ते एकच्या दरम्यान कधीतरी’ एवढंच होतं.

बाई आणि मौलाना यांच्या गुणांची तुलना केली तेव्हा ओळंबा, एकक, पुन्हा मोजणं यांवर दोघं बहुतेक एकमत होती. फाटलं ते शेवटच्या मुद्द्यावर. खाडाखोड नसलेल्या, सुबक तक्त्याच्या वह्यांना बाईंनी भरभरून गुण दिले होते. मौलानांनी त्याच वह्यांना कमी दिले. त्यांनी तर पाहिलंच होतं: त्यांचा स्वतःचा मुलगा आणि त्याचे दोन मित्र खुणा अर्धवट टाकून निंबाच्या सावलीत बसले होते, आणि तक्त्यातली वेळ वहीत उतरवत होते. मकतबात हीच मुलं सगळ्यात अदबशीर गणली जातात.

निरीक्षकाने मुलांना काही सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण मौलाना बोललेच. सगळ्यांना गोळा करून म्हणाले, ‘ईदचा चाँद देखे बगैर गवाही देते क्या रे? दिसना चाहिए था बोले तो चलता क्या? जो देखे वहीच बोलना.’ हिलालच्या, म्हणजे नव्या चंद्रकोरीच्या, साक्षीचा नियम गावातल्या सगळ्या मुलांना माहीत आहे, हिंदू मुलांनाही. ईद उद्या की परवा यावर शाळेची सुट्टी असते. चंद्र दिसायला हवा होता, गणिताने तो होताच, यावर साक्ष होत नाही. ज्याने पाहिला त्याने पाहिला म्हणायचं.

संशोधनाच्या शिस्तीत हा घोटाळा झाला. निरीक्षकच मध्ये हस्तक्षेप करून बसला, आता आधीच्या आणि नंतरच्या नोंदींची तुलना शुद्ध राहिली नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मग मौलानांनीच दुसरी रीत सांगितली. दर्से निजामी हा मदरशाचा अभ्यासक्रम शिकताना फिक्हच्या, म्हणजे धर्मनियमांच्या, पाठात त्यांनी ती वाचली होती, कधी करून पाहिली नव्हती: दायरा-ए-हिंदिया. जमिनीवर वर्तुळ काढायचं, मधोमध काठी. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाच्या आत शिरतं तिथे एक खूण, दुपारी बाहेर पडतं तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम, आणि दोन्ही वेळांचा मध्य तो मध्यान्ह. अरबी ज्योतिषी या वर्तुळाला हिंदी म्हणत आले, आणि आपल्याकडे शुल्बसूत्रांत पूर्व-पश्चिम काढायची रीत हीच आहे. गवंड्यांच्या पोरांना सुतळी आणि खिळ्याने वर्तुळ मारायला शिकवावं लागलं नाही. ७० सेंटिमीटर त्रिज्येवर सावलीचं टोक साडेअकराच्या सुमाराला आत येतं आणि दोन वाजून गेल्यावर बाहेर पडतं. तिथे ते मिनिटाला तीन-साडेतीन मिलिमीटर सरकतं, त्यामुळे सेंटिमीटरभर पुसटपणा असूनही दोन-तीन मिनिटांच्या फरकाने वेळ हाती लागते.

दुसऱ्या फेरीच्या वह्या पहिलीपेक्षा कुरूप होत्या. खोडलेले आकडे, ‘ढग आला’, ‘काठी हलली, पुन्हा लावली’, ‘दोन जणांचं मोजमाप जुळेना’. वेळा १२:४० ते १२:५० च्या दरम्यान विखुरलेल्या. एका गटाची १२:३६ आली आणि त्यांनी ती तशीच ठेवली. शेजारी लिहिलं होतं: ‘आमचं वर्तुळ गोल नाही.’ पूर्व-पश्चिम रेघेवर एकाने कंपास पेटीतला कोनमापक ठेवून मशिदीच्या किब्ल्याची, म्हणजे मक्केकडची, दिशा ताडून पाहिली. ती नीट पश्चिमेला नाही, उत्तरेकडे कललेली आहे, असं त्याला आढळलं. हिशोबाने या भागात ती चौदा अंशांच्या आसपास कलते. हे त्याला कुणी करायला सांगितलं नव्हतं. माझ्या मते अख्ख्या प्रकरणात अभिवृत्तीचा हाच एक थेट पुरावा मिळाला, आणि तो कुठल्याही रकान्यात बसत नव्हता. पहिल्या प्रश्नावलीत याच मुलाने सगळं ‘पूर्ण सहमत’ भरलेलं होतं, शेजाऱ्यासारखंच.

प्रश्नावलीतल्या आवडीचा आणि पटांगणातल्या वागण्याचा काही संबंध लागतो का, हे बाईंनी पाहिलं. लागेना. लागणार कसा, एका बाजूला सगळ्यांचे गुण सारखेच. जे मुलामुलांत फरकच दाखवत नाही त्याचा दुसऱ्या कशाशी सहसंबंध निघत नाही.

पुढे जे झालं ते कागदाच्या वाटेने झालं. प्रबंधात प्रश्नावलीचं प्रकरण अल्फासह मुख्य भागात राहिलं, सावलीचं काम परिशिष्टात गेलं. मार्गदर्शकांचं म्हणणं, निरीक्षकच मध्ये बोलला तर त्याला निष्कर्ष म्हणता येत नाही. नियमाने ते बरोबर आहे. प्रबंध मंजूर झाला.

शाळेत एफएच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाच्या, फाइलीचा प्रश्न उरला. क्लस्टरचे सीआरपी, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे साधनव्यक्ती, पाहायला आले तेव्हा त्यांना खाडाखोडीच्या वह्या आवडल्या नाहीत. वरून तपासणी आली तर काय दाखवायचं? दहावीला शंभरातले वीस गुण अंतर्गत असतात, आणि ती सवय आठवीपासून लागते: फाइल सुबक, रंगीत मथळे, शिक्षकाची सही. बाईंनी सुबक वह्या वेगळ्या करून घेतल्या नाहीत. पुढच्या वर्षीच्या एफएत त्यांनी प्रयोगाच्या गुणांतला एक भाग ‘न जुळलेली नोंद कशी ठेवली’ यासाठी काढला आहे, आणि सीआरपींनी विचारलं तर दाखवायला म्हणून १२:३६ वाली वही कपाटात वर ठेवली आहे. मौलाना आपल्या वहीत अजूनही नियतचे गुण लिहीत नाहीत. तक्ता बघून वेळ सांगणाऱ्या मुलांना मात्र ते आता विचारतात, ‘देखा क्या, की पढ़ा?’